वेळ ठरलेली ठेवा, प्रकार मनाला विचारा

प्रश्न: मी 41 वर्षांची आहे. कासारवडवलीला राहते, नोकरी अंधेरीला. रोज रिक्षा, लोकल, मग घाटकोपरहून मेट्रो. गेल्या पाच वर्षांत तीनदा जिमची वर्षाची फी भरली आणि तिन्ही वेळा दीड-दोन महिन्यांत जाणं सुटलं. काही दिवशी घरी येते तेव्हा इतकी चिडलेली असते की काहीतरी फोडावंसं वाटतं. काही दिवशी सोफ्यावरून उठवत नाही. रात्री अधूनमधून उगाच छातीत धडधडतं. डॉक्टरांनी ईसीजी, थायरॉइड, हिमोग्लोबिन सगळं पाहिलं, नॉर्मल आहे म्हणाले. जिमचा ट्रेनर म्हणायचा, "मॅडम, मूडबिड बघायचा नाही, यायचं." मैत्रीण म्हणते, "शरीराचं ऐक, नको वाटतंय तर राहू दे." कोणाचं ऐकू?

उत्तर: ताई, दोघांचंही अर्धं अर्धं ऐका. वेळेच्या बाबतीत तुमचा ट्रेनर बरोबर आहे, प्रकाराच्या बाबतीत मैत्रीण. आठवड्यातले व्यायामाचे वार आणि वेळ ठरलेली राहू द्या, मन कसंही असो. त्या अर्ध्या तासात काय करायचं ते मात्र त्या दिवशीचं मन बघून ठरवा.

ठाण्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून मला बावीस वर्षं झाली. लोक गुडघा, कंबर, मान घेऊन येतात. त्यांना व्यायाम लिहून द्यायचा, आठ दिवसांनी "केला का?" विचारायचं, आणि त्यांनी मान खाली घालायची, असं मीही पहिली काही वर्षं केलं. मग हळूहळू लक्षात आलं की व्यायाम सुटतो त्याचं कारण बहुतेक वेळा गुडघ्यात नसतंच. तुम्ही तीनदा सोडलंत म्हणून तुमच्यात चिकाटी नाही, असं मी अजिबात म्हणणार नाही. पाच वर्षं तीन वाहनं बदलून नोकरी करणाऱ्या बाईला चिकाटी कोणी शिकवायची गरज नाही. तुम्हाला एकच ठरीव तक्ता मिळाला असणार: पंधरा मिनिटं ट्रेडमिल, मग मशीन, मग पोटाचे व्यायाम. आणि तुम्ही तर रोज वेगळं मन घेऊन जात होतात.

मग आजचं मन कसं आहे ते ओळखायचं कसं? "मला कसं वाटतंय?" असं स्वतःला विचारू नका. दमलेलं डोकं त्याचं एकच उत्तर देतं: "काही नाही, कंटाळा आलाय." त्याऐवजी शरीर बघा. तुमच्या इमारतीच्या लिफ्टला आरसा असेलच. वर जायला लागणारा अर्धा मिनिट पुरतो. पहिलं, जबडा. वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकलेत का? निवांत माणसाचे ओठ मिटलेले असले तरी दातांमध्ये थोडी फट असते. दुसरं, खांदे. कानांकडे चढलेत की पुढे गळलेत? तिसरं, श्वास. गळ्यापाशी भरभर चालतोय, की इतका उथळ की मध्येच एखादा मोठा सुस्कारा टाकावा लागतो? आणि लिफ्टमधून दारापर्यंत जाताना पावलांचा आवाज ऐका. आपटत चाललात की चपला फरफटत?

दात आवळलेले, खांदे वर, पाऊल आपटतंय, तर मन चेतलेलं आहे. खांदे गळलेले, चपला ओढतायत, तर विझलेलं. राग, भीती, काळजी, चडफड हे सगळं चेतलेलं. उदासी, सुन्नपणा, "कशातच राम नाही" हे विझलेलं. तिसरा एक प्रकार आहे, थकलेलं डोकं. तो विझलेल्यासारखाच दिसतो पण वेगळा असतो. त्याबद्दल पुढे लिहिते. सुरुवातीला एवढी तीनच खोकी पुरेत.

रागापासून सुरू करते, कारण याच बाबतीत लोकांना सर्वांत चुकीचा सल्ला मिळतो.

पाचपाखाडीच्या कचराळी तलावाभोवती सकाळी चालणाऱ्यांत एक बाई असायच्या. चाल इतकी वेगवान की बरोबरीच्या बायका मागे पडायच्या. एकदा माझ्याजवळ थांबल्या आणि म्हणाल्या, "एवढं चालते, तरी डोकं शांत होत नाही हो." बोलता बोलता त्यांनी मूठ उघडली. मुठीत घराची किल्ली होती आणि तळहातावर किल्लीचे दाते लालभडक उमटले होते. वीस मिनिटं पाय तलावाला फेऱ्या मारत होते आणि डोक्यात घरातल्या कुणाशी तरी भांडण चालू होतं. सकाळी नाश्त्याच्या वेळी झालेलं भांडण त्यांनी चालताना आणखी सात-आठ वेळा केलं असेल.

"राग आलाय ना, मग पळून ये, पंचिंग बॅगवर काढ" असं सर्रास सांगतात. 2002 मध्ये अमेरिकेत विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. त्यांना आधी चिडवलं. मग काहींना, ज्याने चिडवलं त्याचा विचार करत बॅगवर ठोसे मारायला सांगितलं, काहींना तब्येतीचा विचार करत, आणि काहींना नुसतं शांत बसवलं. ज्याचा राग आला त्यालाच डोळ्यांसमोर आणून ठोसे मारणारे सर्वांत जास्त चिडलेले आणि आक्रमक निघाले. नुसते बसलेले सर्वांत कमी आक्रमक. 2024 मध्ये ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी रागावरचे दीडशेहून अधिक अभ्यास एकत्र करून तपासले. शरीराचा पारा उतरवणाऱ्या गोष्टींनी, म्हणजे श्वास, ध्यान, संथ योगासनं, स्नायू सैल सोडणं यांनी राग कमी झाला. पारा चढवणाऱ्या गोष्टींनी एकंदरीत फारसा फरक पडला नाही आणि जॉगिंगने तर राग वाढण्याकडे कल दिसला. चेंडूच्या खेळांनी मात्र तो उतरला. मला हे वाचून फार बरं वाटलं, कारण तळहातावरच्या त्या किल्लीच्या खुणा मी कधी विसरले नव्हते.

रागाच्या भरात जोरकस व्यायाम करण्यात आणखी एक अडचण आहे. 52 देशांतल्या, पहिला हृदयविकाराचा झटका आलेल्या बारा हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. झटक्याच्या आधीच्या तासाभरात तीव्र राग किंवा मनस्ताप झाला असेल तर धोका दुपटीहून जास्त दिसला. जोरदार श्रम झाले असतील तरीही साधारण तेवढाच. आणि दोन्ही एकाच तासात झाले असतील तर तिप्पट. तुमच्या वयाच्या निरोगी बाईसाठी मुळातला धोका लहान असतो, त्यामुळे घाबरू नका. पण घरात कोणाला रक्तदाब असेल, तर साहेबाशी वाद घालून आल्या आल्या ट्रेडमिलचा वेग वाढवायचा नाही, हे त्यांना जरूर सांगा.

मग चिडलेल्या दिवशी करायचं काय? आधी दहा मिनिटं उतरायला द्या. हातपाय धुवा, पाणी प्या, खोलीचं दार लावून जमिनीवर पाठ टेका आणि पोटऱ्या पलंगावर ठेवा. आता दोन बोटं मनगटावर, अंगठ्याखाली, नाडीवर ठेवा. नाकाने सावकाश श्वास घ्या आणि घ्यायला लागला त्याच्या दीडपट-दुप्पट वेळ लावून सोडा. बहुतेकांना बोटांखाली जाणवतं की श्वास घेताना नाडी किंचित भरभर पडते आणि सोडताना मंदावते. ही कल्पना नाही, खरंच तसं होतं. श्वास सोडताना व्हेगस नावाची मज्जातंतू हृदयाला आवर घालते. म्हणून उच्छ्वास लांबवायचा. पाच-सहा मिनिटं हे केलंत की जबडा सुटतो.

त्यानंतर असा व्यायाम घ्या की डोक्याला भांडायला जागाच उरणार नाही. सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये टेबल टेनिस किंवा बॅडमिंटन असेल तर मुलांना घेऊन खाली जा. समोरून फूल येत असताना बॉसचा चेहरा डोळ्यांपुढे टिकत नाही. खेळायला कोणी नसेल तर हलकी वजनं आकडे मोजत उचला. उचलताना श्वास सोडत दोन आकडे, खाली आणताना घेत चार आकडे. श्वास रोखायचा नाही, रोखला की रक्तदाब झपकन चढतो. चालायलाच जायचं असेल तर फोन घरी ठेवा, मुठी उघड्या ठेवा आणि डोक्यात भांडण सुरू झालं की पाय थांबवा. त्या बाईंना मी एवढंच सांगितलं होतं, वाद आठवला की उभं राहायचं, तीन लांब उच्छ्वास, मग पुढे. पहिल्या दिवशी एका फेरीला त्या अकरा वेळा थांबल्या. त्यांनी स्वतः मोजलं होतं.

काळजी आणि भीतीही चेतलेलीच, पण त्यांचा स्वभाव वेगळा. काळजीने भरलेल्या माणसाला "डोळे मिटून शांत बस" म्हटलं की बिचारा आणखी घाबरतो. आत सगळं पळत असताना बाहेरून गप्प बसणं अवघड असतं. म्हणून तिथे उलटं करायचं. आधी त्या घालमेलीच्या वेगाने चाला, म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतकं झपझप, दहा-बारा मिनिटं. मग दर दोन-तीन मिनिटांनी वेग थोडा थोडा उतरवत आणा आणि शेवटची पाच मिनिटं अगदी रमतगमत. श्वासाचं काम त्यानंतर, घरी बसून. मनाला आपण आधी त्याच्या चालीने सोबत केली की ते आपल्या चालीने येतं.

तुमच्या रात्रीच्या धडधडीबद्दल. तपासण्या नॉर्मल आहेत हे उत्तम. आता उरते ती धडधडीची धास्ती, आणि तीच धडधड वाढवते. माझ्याकडे ऐरोलीला आयटीत काम करणारा एक तरुण यायचा. ईसीजी, स्ट्रेस टेस्ट सगळं स्वच्छ, तरी त्याने जिने चढणं सोडलं होतं. जिना चढला की हृदय धडधडतं, धडधडलं की त्याला मागचा पॅनिक अटॅक आठवतो. दवाखान्याच्या जिन्यावर मी त्याला एकच मजला चढायला लावलं आणि पायरीवर बसवून नाडी मोजायला दिली. 118. एका मिनिटाने 96. तीन मिनिटांनी 84. तो आकड्यांकडे बघत राहिला. "म्हणजे आपोआप खाली येते?" हो, आपोआप. आठवड्याभराने दोन मजले, मग तीन. वाढलेले ठोके म्हणजे संकट नव्हे, ही गोष्ट शरीराला शरीरानेच शिकावी लागते. समजावून सांगून ती शिकवता येत नाही. तुम्हीही दिवसा, सोबत कोणी असताना, हे करून बघा. रक्तदाबासाठी किंवा धडधडीसाठी बीटा-ब्लॉकर प्रकारची (ठोके मंद ठेवणारी) गोळी चालू असेल तर मात्र नाडीचे आकडे फसवे असतात. तिथे "बोलता येतंय का" एवढीच खूण धरा. आणि झोपण्याच्या आधीच्या तासाभरात दोरीउड्या, झुंबा, जोर-बैठका असं काही नको. त्या वेळेला पाय भिंतीला लावून पडणं, भ्रामरी (भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडणं), मकरासन (पालथं पडून अंग सैल सोडणं), एवढंच.

आता विझलेलं मन. इथे मला जरा थांबायचं आहे, कारण इथे "शरीराचं ऐक" हा सल्ला घात करतो. विझलेलं मन शरीराच्या आवाजात बोलतं. ते म्हणतं, "अंगात त्राण नाही." आपल्याला वाटतं, शरीरच सांगतंय. आपण पडून राहतो. पडून राहिल्याने आणखी विझतो आणि दुसऱ्या दिवशी त्राण त्याहून कमी. अशा दिवशी इच्छा व्हायची वाट बघितली तर ती येत नाही. आधी हालचाल होते, इच्छा मागाहून येते, तीही दहा-पंधरा मिनिटांनी. म्हणून विझलेल्या दिवशी व्यायामाचं माप इतकं लहान ठेवायचं की नाही म्हणता येऊ नये. बूट घालायचे आणि लिफ्टने खाली सोसायटीच्या गेटपर्यंत जायचं. वॉचमनच्या केबिनला हात लावायचा. तिथे परत फिरावंसं वाटलं तर खुशाल फिरा, त्या दिवशीचा व्यायाम झाला असं वहीत लिहा. लिहिताना अपराधी वाटू देऊ नका. माझ्या अनुभवात पाचातले चार वेळा माणूस गेटवरून परत येत नाही, पुढे एक चक्कर मारतोच. आणि पाचव्यांदा परत आला तरी वेळ मोडलेली नसते, ती माझ्या लेखी फार मोठी गोष्ट आहे.

विझलेल्या दिवशी सुरुवात जनाना डब्यातून ठाण्याच्या फलाटावर उतरल्यावर गर्दी जशी पुलाकडे सरकते तितकी संथ असू द्या. मग दर पाच मिनिटांनी थोडं वर. चढाव उपयोगी पडतो, कारण चढाला पायांना आपोआप जोर लावावा लागतो, वेगळी जिद्द आणावी लागत नाही. उजेडात चालता आलं तर फार चांगलं, म्हणजे शनिवार-रविवारी सकाळचीच वेळ धरा. एकटीने जाण्यापेक्षा कोणाला तरी "मी खाली येतेय" असं सांगून ठेवा. आणि विझलेल्या दिवशी पडल्या पडल्या शवासन, प्राणायाम, योगनिद्रा नको. ती चेतलेल्यांची औषधं आहेत. आधीच खाली गेलेल्याला आणखी खाली कशाला न्यायचं?

2024 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये नैराश्य आणि व्यायाम यांवरच्या 218 चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. त्यात चालणं-जॉगिंग, योग आणि वजनांचे व्यायाम हे चांगले परिणामकारक दिसले आणि व्यायाम जितका जोमाचा तितका फायदा जास्त, तरी हलक्या व्यायामानेही फरक पडलेला होता. म्हणजे बरे दिवस असतील तेव्हा वजनं जरूर उचला. विझलेल्या दिवशी गेटपर्यंतचं चालणंही वाया जात नाही.

थकलेल्या डोक्याबद्दल लिहायचं राहिलं होतं. 2009 मध्ये झालेला एक प्रयोग मला ठाणेकरांना नेहमी सांगावासा वाटतो. काही जणांना दीड तास डोक्याला ताण देणारं, सतत लक्ष लागणारं काम संगणकावर करायला लावलं आणि मग सायकल चालवायला दिली. दुसऱ्या वेळी त्यांनाच दीड तास साधे माहितीपट दाखवून सायकल दिली. हृदय, फुफ्फुसं, स्नायू दोन्ही वेळी सारखेच काम करत होते. पण डोकं थकलेल्या वेळी तीच सायकल जास्त जड वाटली आणि त्यांनी ती लवकर सोडली. आता तुमचा दिवस आठवा. आठ-नऊ तास स्क्रीन, त्यात घाटकोपरला गर्दीत जिना चढताना घ्यायची सावधगिरी, माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षात बसून केलेले फोन. संध्याकाळी तुमचे पाय खरं तर फारसे वापरलेलेच नसतात, दमलेलं असतं ते डोकं. म्हणून जिममध्ये नेहमीचं वजन अचानक जड लागलं की "आपली ताकद गेली" असं समजू नका.

अशा दिवशी व्यायाम सोपा ठेवण्यापेक्षा बिनविचाराचा ठेवा. ठरलेला रस्ता, ठरलेली गाणी, आकडे मोजायचे नाहीत, नवीन काही शिकायचं नाही, घड्याळातली पावलं बघायची नाहीत. विझलेल्यात आणि यात फरक कसा ओळखायचा? थकलेल्या डोक्याला मैत्रिणीचा फोन आला, आवडता पदार्थ समोर आला तर क्षणभर तरी तरतरी येते. विझलेल्याला तीही येत नाही.

दुःखाबद्दल थोडंच लिहिते, कारण तुम्ही विचारलेलं नाही, पण कोणाच्या तरी उपयोगी पडेल. घरातलं माणूस गेलं असेल तर त्या महिन्यांत व्यायामाने "बरं वाटायला हवं" अशी अपेक्षाच ठेवू नका. उपवन तलावाच्या काठाने सकाळी कोणाच्या तरी सोबत, न बोलता चाला. चालताना रडू आलं तर येऊ द्या. डोळ्याला डोळा न भिडवता शेजारी शेजारी चालत असलं की जे बोलता येतं, ते समोरासमोर बसून येत नाही, हे मी खूपदा पाहिलं आहे.

आणि उत्साहाचे दिवस. माझ्याकडे नव्याने येणारे ताणलेले स्नायू, दुखावलेले खांदे यांतले कितीतरी अशा दिवसांचे असतात. बरेच दिवसांनी छान वाटलं म्हणून एकदम दुप्पट वजन, दुप्पट अंतर. मन एका रात्रीत बदलतं, स्नायूबंध बदलायला महिने घेतात. उत्साहाच्या दिवशी एक सेट जास्त करा, एवढंच.

रात्री पाच तासांपेक्षा कमी झोप झाली असेल तर मन कसंही असलं तरी उड्या आणि जड वजनं त्या दिवशी नाहीत, फक्त चालणं. ताप, अंगदुखी, जुलाब असतील तर सरळ सुट्टी. तिथे मैत्रिणीचं शंभर टक्के ऐका.

एकच व्यायाम शिकायचा असेल आणि तो दोन्ही मनांना चालायला हवा असेल तर मी सूर्यनमस्कार सांगते. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांचा घरोघरी प्रचार केला. आपल्याकडे शाळेपासून ते अंगवळणी पडलेले असतात. चेतलेल्या दिवशी एकेका स्थितीत एक पूर्ण श्वास थांबत सहाच घाला. एका नमस्काराला दीड-दोन मिनिटं लागतील, आणि पर्वतासनात डोकं खाली लोंबतं सोडून मान हलकेच दोन्हीकडे हलवायची. विझलेल्या दिवशी तेच बारा नमस्कार, एक हालचाल एक श्वास अशा लयीत, पहिले तीन संथ आणि पुढे वेग वाढवत, खिडकी उघडी ठेवून. आसनं तीच, क्रम तोच, पण पहिलं घोंगडी घडी घालून ठेवल्यासारखं आणि दुसरं तीच झटकल्यासारखं. मनगट किंवा कंबर दुखत असेल तर हात जमिनीऐवजी ओट्याच्या कडेवर टेकवून करा. मी कित्येक जणींना तसेच शिकवले आहेत.

आता तुमचा आठवडा. जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची शिफारस आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंसाठी, अशी आहे. तिथे पोचायची घाई नको. मंगळवार आणि गुरुवार संध्याकाळी पावणेआठ ते सव्वाआठ, शनिवार आणि रविवार सकाळी सात ते साडेसात, असे चार वार धरा. ऑफिसच्या दिवशी सोफ्यावर बसायच्या आधीच बूट चढवा, चहा नंतर. जिमची चौथी फी तूर्तास भरू नका. दोन-दोन किलोचे डंबेल आणि एक चटई पुरे. पावसाळ्यात घोडबंदर रोडला चालायची सोय राहत नाही, तेव्हा इमारतीचा जिना आणि पोडियमची पार्किंग वापरा. लिफ्टच्या आरशात बघून ठरवा: चेतलेलं, विझलेलं की थकलेलं डोकं. ठरत नसेल तर दहा मिनिटं साधं चाला आणि मग पुन्हा जबडा तपासा. दहा मिनिटांनी शरीर स्वतः सांगतं.

पाळीच्या तारखाही त्याच वहीत लिहा. तुमच्या वयात पाळीआधीचे काही दिवस चिडचिड आणि झोपमोड वाढू शकते, आणि ते दिवस आधीच ठाऊक असले की त्या आठवड्यात संथ प्रकार हाताशी ठेवता येतात. दोन-तीन महिन्यांत नक्षी दिसायला लागते.

दोन गोष्टी मात्र व्यायामावर सोडू नका. चालताना किंवा जिना चढताना छातीवर दाब, जबड्यात किंवा हातात कळ, दरदरून घाम, भोवळ, किंवा आधी कधी लागत नव्हती अशी धाप लागली, तर "टेन्शन असेल" म्हणून घरी बसायचं नाही, लगेच डॉक्टर गाठायचे. बायकांमध्ये नुसती मळमळ आणि विलक्षण थकवा एवढंच दिसू शकतं. आणि विझलेलं मन दोन आठवडे सलग राहिलं, जेवण-झोप बिघडली, जगण्याचाच कंटाळा आल्यासारखे विचार यायला लागले, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास असते आणि तिथे मराठीत बोलता येतं. गोळ्या चालू असतील तर व्यायाम सुरू केला म्हणून आपल्या मनाने बंद करू नका.

वहीत एका दिवसाला एकच ओळ पुरे: आधी दोन शब्द, केलं काय, नंतर दोन शब्द. "दात आवळलेले. पाय पलंगावर, मग वजनं. जबडा सुटला." किंवा "चपला ओढत. गेटपर्यंत. तसंच." "तसंच" लिहायची लाज बाळगू नका, त्या ओळींवरूनच मला सर्वांत जास्त कळतं. सहा आठवडे झाले की ती वही घेऊन बसा आणि "नंतर" या रकान्यात तुम्हाला बरं वाटलेले दिवस कुठल्या मनाचे आणि कुठल्या व्यायामाचे होते ते पेन्सिलने खुणा करून बघा. मग मला पुन्हा लिहा. पुढचे सहा आठवडे त्या खुणांवरून आपण ठरवू.